पैलवानाची बरोबरी

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाचं फाटक पडलं होतं, पुढं भाजीचा टेंपो, मागं शाळेची बस, आणि समोर बघत बघतच गोमटेश म्हणाला, "आक्का, पैलवानाला बसवूया आता." एवढंच. मी मांडीवरची डब्याची पिशवी सारखी करत होते, तो हात तिथंच थांबला. पैलवान म्हणजे हाडामासाचा माणूस नव्हे. मच्छेला आमची वजनकाटे करायची छोटी कंपनी आहे, माझी आणि माझ्या या धाकट्या भावाची. तिच्या पुढच्या हॉलमध्ये बुद्धिबळ खेळणारं एक यंत्र उभं आहे. त्याला कामगारांनी पहिल्याच आठवड्यात पैलवान म्हणायला सुरुवात केली, कारण समोर येईल त्याला ते लोळवायचं. हुबळी, कोल्हापूर, पुणे, जिथं म्हणून प्रदर्शनात आमचा गाळा लागला तिथं ते खेळलं आणि आजवर एकदाही हरलेलं नाही. "बसवूया म्हणजे?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं. "म्हणजे बंद करूया. अजिंक्य हाय तवरच बसवला तर नाव ऱ्हातंय. उद्या कोणतरी खिशातल्या मोबाईलला विचारून खेळंल आणि हरवंल. मग आपल्या काट्यांवर कोण विश्वास ठेवणार?" फारच समंजस बोलणं. फक्त त्याचे कान लाल झाले होते. गोमटेश खोटं बोलला की लहानपणापासून त्याचे कान लाल होतात. आई असताना ती त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही, थेट कान बघायची. "गोम्या, फाटक उघडायच्या आत खरं सांग," मी म्हणाले. तेवढ्यात मालगाडी आली. डब्यामागून डबे जात राहिले, त्या खडखडाटात धड काही ऐकू येत नव्हतं, आणि बहुतेक म्हणूनच त्याला ते तेव्हा बोलता आलं. "आप्पांचं बघवत न्हाय गं मला."

आप्पा म्हणजे आमचे वडील, पायगोंडा. सगळा जन्म त्यांनी निपाणीला तंबाखूच्या वखारीत काढला, आणि आई गेल्यावर आम्ही त्यांना टिळकवाडीला आणलं. आणलं म्हणजे काय, ओढूनच आणलं. इथं त्यांना सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जाणं, पेपर आणि बाल्कनी यापलीकडे काही नव्हतं. एका रविवारी कंपनीला सुट्टी असताना गोमटेश त्यांना सहज मच्छेला घेऊन गेला आणि ते पैलवानासमोर बसले. तेव्हापासून दर रविवारी एक डाव. एकच. त्यात हरायचं, घरी यायचं, आणि दिवस मावळायच्या आत जेवायला बसलं की भाकरीचे तुकडे ताटात मांडून मला दाखवायचं, इथं माझा घोडा होता, इथं त्याचा उंट, आणि इथं माझी मती गुंग झाली बघ. आमटी निवून जायची. माणूस हरून इतका खुश कसा होतो ते मला कधी उमगलं नाही, पण त्यांचा सोमवार ते शनिवार त्या रविवारावर चालायचा एवढं मला कळत होतं. अलीकडे ते ताटातलं दाखवणं बंद झालं होतं. विचारलं तर "झाला की डाव" म्हणायचे आणि गप्प जेवायचे. कंटाळले असतील, असं मी धरून चालले होते. आता गोमटेश सांगत होता, "वजीर देऊन टाकत्यात, आक्का. फुकट. मग हत्ती. मग उंट. पैलवानानं न्हाय घेतला तर परत उचलून त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवत्यात. आप्पा! एक प्यादं गेलं तर रात्रभर तळमळणारा माणूस. डोकं चालंना झालंय गं त्यांचं. त्यांच्या ध्यानात यायच्या आत यंत्रच बंद करूया. म्हणजे आप्पांना जमंना झालं असं व्हनार न्हाय, कंपनीनं यंत्र बसवलं असं हुईल." फाटक कधीच उघडलं होतं. मागच्या बसवाल्यानं हॉर्न वाजवून आम्हाला पुढं हाकललं.

त्या दिवशी कंपनीत कामात माझं लक्ष नव्हतं. दुपारी जेवण झाल्यावर मी उगाच पैलवानापाशी जाऊन उभी राहिले. तो काही दिसायला देखणा नाही. एक जाड टेबल, त्यात बसवलेला पट, आणि बाजूनं पुढं येणारा एक हात, जो सोंगटी उचलताना पोट बिघडलेल्या माणसासारखा घुरघुरतो. मोबाईलवर याच्याहून हुशार खेळ फुकट मिळतो हे मलाही ठाऊक आहे. पण पटाच्या प्रत्येक घराखाली आमचाच एक इवला काटा आहे, आणि कुठल्या घरात काय उभं आहे ते पैलवान वजनावरनं ओळखतो. वजीर घोड्यापेक्षा किती जड असावा यावरून गोमटेशचं आणि माझं एक महिना भांडण चाललं होतं. शेवटी आप्पांनी सोंगट्या हातात घेऊन, डोळे मिटून, तंबाखू जोखावी तशा जोखल्या आणि म्हणाले, वजीर हातात घेतला की घेतल्यासारखा वाटला पायजे. तसाच केला. त्या अर्थानं पैलवान आमच्या घरातलाच आहे, आमच्यातला तिसरा. माझं लग्न झालं नाही, गोमटेशचं मोडलं. आम्ही दोघांनी मिळून काही वाढवलं असेल तर ते एवढंच. आणि आता गोमटेशनं त्याला बसवायचं ठरवलं होतं, आणि मला त्या घुरघुरणाऱ्या हाताची इतकी कणव आली की मी फडकं घेऊन तो पुसत बसले. मग वाटलं, मी पुसतेय कुणाला? पैलवान हरला काय, जिंकला काय, त्याला कशाचं सोयरसुतक? वखारीत तंबाखूनं ठासून भरलेले बोद असायचे, त्यातल्या एकावर कापडी पट पसरून आप्पा आम्हाला शिकवायचे. तिथं नाकात तो तिखट वास जायचा, डोळ्याला पाणी यायचं, आणि गोमटेश ओरडायचा, "आप्पा, मी तुमचा हत्ती मारला!" की आप्पा लगेच, "मारला म्हणू नये. घेतला म्हणावं." जैनाच्या घरात पटावरसुद्धा कुणी कुणाला मारायचं नाही. शाळेच्या स्पर्धेत इतर पोरं मारला-कापला म्हणायची आणि आम्ही दोघं घेतला, दिला. त्यावरून आमची केवढी चेष्टा व्हायची. त्या माणसाचं डोकं चालेनासं झालंय, असं माझा भाऊ म्हणत होता, आणि मी त्याला खोटं पाडू शकत नव्हते.

पुढचे दिवस मी आप्पांवर पाळत ठेवली. दुसरा शब्द नाही त्याला. असं बघायला लागलं की सगळंच दिसायला लागतं. चष्मा कपाळावर आणि शोधतायत टीपॉयवर. हे ते गेली कित्येक वर्षं करतात, पण आता मला धस्स झालं. मला त्यांनी "प्रेमला" अशी हाक मारली. ते आईचं नाव. मीही पुष्कळदा गोमटेशला चुकून आप्पा म्हणते, पण ते मला तेव्हा आठवलं नाही. शुक्रवारी दूधवाल्याशी कन्नडमध्ये बोलता बोलता मध्येच थांबले आणि बाल्कनीतून कितीतरी वेळ खाली बघत राहिले. मी स्वयंपाकघरातून त्यांची पाठ बघत होते. ती पाठ कधी एवढीशी झाली? मला राग आला. त्यांचा नाही, गोमटेशचाही नाही, असाच, ज्याला धनी नाही असा राग, आणि त्या भरात मी भांडी इतकी आदळली की आप्पा आत येऊन म्हणाले, "काय गं, भांड्यांनी काय केलंय तुझं?" गोमटेशनं मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. आप्पांना सांगितलं नव्हतं. यंत्राचंही सांगितलं नव्हतं. या रविवारी शेवटचा डाव होऊ दे, मग सांगू, असं आमचं ठरलं. माझ्या मनात मात्र घोळत होतं की हे आपण नक्की कुणासाठी करतोय. आप्पांनी फुकट वजीर देणं आप्पांना सोसत नाहीये, की आपल्याला? त्यांचा रविवार काढून घेतला तर मागं काय उरेल? पेपर, बाल्कनी आणि आम्ही दोघं, पाळत ठेवणारी. आणि चालू ठेवला तर एक दिवस ते पटासमोर बसतील आणि घोडा कसा चालतो तेच त्यांना आठवणार नाही, आणि समोर पैलवानाचा हात घुरघुरत थांबेल. या दोन्हींतलं कमी वाईट कुठलं ते मला ठरवता येईना. मला नुसती भीती वाटत होती. आप्पा डोळ्यांदेखत आपल्या हातातून जातील ही भीती.

रविवारी मीही गेले. एरवी जात नाही, म्हणून गेटवरच्या परशरामनं लगेच हेरलं, "आज राजश्रीताईबी आल्यासा? कुस्ती बघाय?" आप्पा खुशीत होते. धुवट धोतर, इस्त्रीचा सदरा, देवदर्शनाला निघाल्यासारखे. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी पैलवानाच्या टेबलाला हात लावला आणि तो कपाळाला लावला, आखाड्यात उतरताना पैलवान मातीला लावतात तसा. हे मला ठाऊक नव्हतं. डाव सुरू झाला. रविवारी घड्याळ लावत नाहीत, हवा तितका वेळ घ्यायचा. आप्पा वेळ घेत होते, ओठ मुडपून विचार करत होते, आणि मला वाटलं, गोमटेशचा काहीतरी गैरसमज झालाय, हा माणूस तर शाबूत आहे. आणि तेवढ्यात त्यांनी वजीर उचलला, जड, घेतल्यासारखा वाटणारा तो वजीर, आणि नेऊन ठेवला पैलवानाच्या प्याद्यासमोर. कुणीही घ्यावा असा, कशाच्या बदल्यात नाही. हात घुरघुरत आला आणि त्यानं तो उचलला. गोमटेशनं मान फिरवली. "आप्पा, वजीर!" मी ओरडलेच. "दिसतोय की मला," आप्पा म्हणाले. मग हत्ती दिला. घोड्यानं पैलवानाचा घोडा घेता येत होता, तोही घेतला नाही, सोडून दिला. मला राहवेना. मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एखाद्या मूर्ख परिचारिकेसारखं विचारलं, "आप्पा, आज वार कुठला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गोमटेशकडे, त्याच्या कानांकडे. आप्पांनाही ते कान ठाऊक होतेच. "अस्सं," ते म्हणाले. मला वाटलं, आता चिडतील. चिडले नाहीत, पण दुखावले, ते मला स्पष्ट दिसलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आज रविवार. काल शनिवार होता. तुझ्या आईचं नाव प्रेमला. आणि मी येडा झालेलो न्हाय, बाळांनो. मी बुर्जी कराय लागलोय."

"काय कराय लागलाय?" गोमटेश म्हणाला. आणि आप्पांना तेव्हा कळलं की आम्हाला ते माहीतच नाही. ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. "व्हय की, मी शिकवलंच न्हाय तुम्हास्नी. शाळेत नवे नियम, उगं घोटाळा नको म्हणून जुनं सांगितलंच न्हाय." आणि मग डाव तसाच ठेवून त्यांनी सांगितलं. निपाणीच्या वखारींत त्यांचे वडील, चुलते, हमाल, दलाल सगळे देशी रीतीचं बुद्धिबळ खेळायचे. त्यात एकाच्या सगळ्या सोंगट्या गेल्या आणि राजा तेवढा एकटा राहिला की खेळ तिथंच थांबायचा. त्याला बुर्जी म्हणायचं. एकट्या राजाला मात द्यायची नाही. डाव बरोबरीत. "ज्याच्यापाशी कायसुदिक उरलं न्हाय, त्याला आणि काय हरवायचं? रीतच न्हवती तसली. समोरचा उठून हात द्यायचा आणि चहा मागवायचा." आप्पा सरळ खेळून पैलवानाला कधीच हरवू शकणार नव्हते, आणि ते त्यांना पहिल्या रविवारीच कळलं होतं. मग बाल्कनीत बसून बसून एक दिवस त्यांना हे सुचलं. "पर लई अवघड हाय गं. तुम्हाला वाटतंय द्यायला काय, सोप्पं. ह्यो घेतोय कुठं? त्याला सोंगटीची हावच न्हाय. माझी प्यादी पटावर असतानाच मात देऊन मोकळा हुतोय. मागल्या रविवारी दोनच प्यादी ऱ्हायलती." म्हणून ताटात भाकरीचे तुकडे मांडले नव्हते. जमल्याशिवाय सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. "पण आप्पा, बरोबरी कशाला पायजे तुम्हाला?" गोमटेशनं विचारलं. आप्पांनी पटावरून नजर काढली नाही. "मला न्हवं रं. त्याला. इतकी वर्सं झाली, बिचाऱ्याला जोडच मिळाली न्हाय. ज्याला जोड मिळत न्हाय त्यो पैलवान कसला? त्याच्या कुस्त्याच लागत न्हाईत. नुसता खुराक खाऊन बसायचं. म्हटलं, जायच्या आदी एकदा तरी त्याच्या बरोबरीनं उठावं."

त्यानंतरचा डाव मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात चुरशीचा डाव होता, आणि त्यात एक म्हातारा आपलं सगळं देऊन टाकायला लढत होता. गोमटेश खुर्ची ओढून शेजारी बसला. दोन्ही तळवे मांड्यांत दाबून आम्ही बघत होतो. उंट गेला. प्यादी एक एक पुढं सारून आप्पा ती पैलवानाच्या हातात ठेवत होते. पैलवान काही घेत होता, काही तशीच सोडून आप्पांच्या राजाभोवती जाळं विणत होता. आता मात देणार, असं मला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा आप्पांनी राजा कुठल्या कुठं निसटवला. कपाळावर घाम होता. धोतराचा सोगा त्यांनी गुडघ्यात आवळून धरला होता. शेवटी राजा आणि एकच प्यादं उरलं. पैलवानाकडं वजीर, दोन हत्ती, सगळं सैन्य. पुढच्या खेळीला मात होती, ते मलाही दिसत होतं. आप्पांनी ते प्यादं उचललं आणि थेट पैलवानाच्या राजाला शह दिला. पैलवानाचा राजा स्वतःच्याच सोंगट्यांमध्ये कोंडला होता, हलायला एक घर नव्हतं, दुसऱ्या कुणाला ते प्यादं घेता येत नव्हतं. राजानंच घ्यायला पाहिजे होतं. हात थांबला, घुरघुरला, पुढं आला. ते प्यादं उचलून त्यानं पटाबाहेर ठेवलं आणि राजा त्याच्या जागी आणून उभा केला.

पटावर आप्पांचा राजा तेवढा उभा होता. "साकु," आप्पा म्हणाले. पुरे. "साकु, पैलवान. बुर्जी झाली." आणि उठून त्यांनी तो यंत्राचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, वखारीत धरायचे तसा, आणि हलवला. गोमटेश ढसाढसा रडायला लागला. आप्पा म्हणाले, "रडतोस कशाला रं? चहा सांग." परशरामनं टपरीवरून चहा आणला आणि काय झालं ते न समजताच तोही आमच्याबरोबर हसत उभा राहिला. घरी येताना मी आप्पांच्या शेजारी मागच्या सीटवर बसले आणि मंगळवारच्या डॉक्टरांना फोन करून वेळ रद्द केली. आप्पांनी ऐकलं. माझ्या डोक्यावर टपली मारली. संध्याकाळी, ऊन असतानाच, जेवायला बसलो आणि त्यांनी भाकरी मोडून सगळा डाव पहिल्यापासून मांडला. मी एकही तुकडा उचलू दिला नाही गोमटेशला.

सोमवारी सकाळी मी हॉलमध्ये गेले तेव्हा गोमटेश आधीच पैलवानासमोर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं. "आक्का, आता बसवायचं कारणच ऱ्हायलं न्हाय की," तो म्हणाला. "आप्पा ठणठणीत हायत. हुबळीच्या प्रदर्शनाला न्हेऊया ह्याला. चालू ठेवूया." त्याचे कान अगदी बरोबर रंगाचे होते. मी मान हलवली आणि पटाकडं बघितलं. पैलवानाला बुर्जी ठाऊक नाही. त्याच्या हिशेबानं डाव संपलेलाच नव्हता, खेळी आप्पांची होती, आणि टेबलाच्या कडेच्या पडद्यावर एक छोटा हिरवा ठिपका लुकलुकत होता. समोरचा माणूस खेळेल म्हणून तो रात्रभर तसाच थांबला होता. बाकी सगळं त्याचंच सैन्य, आणि पलीकडच्या कोपऱ्यात आप्पांचा तो राजा.

"चालू ठेवू की," मी म्हणाले. "मग नवा डाव मांड. उचल आप्पांचा राजा."

गोमटेशनं हात पुढं केला. राजाच्या डोक्यापर्यंत नेला, तिथं थोडा वेळ तसाच धरला आणि मागं घेतला. खिशातून रुमाल काढून उगाच बोटं पुसली.

"तूच बंद कर त्याला, आक्का. ही बुर्जी मोडवत न्हाय मला," तो म्हणाला. "आणि झाडलोटीच्या बायकांना सांग, झाडताना टेबलाला धक्का लावू नगा."